दारावरचा ‘मी’

ओरोंझाच्या घराला एकतीस पायऱ्या होत्या, आणि ऑगस्ट महिन्यात त्या एकतीसही पायऱ्यांवर वाळू असायची. सकाळी झाडावी, तर दुपारी पुन्हा हजर. दक्षिण इटलीतल्या गल्लीपोलीचं जुनं गाव म्हणजे पुलानं किनाऱ्याला बांधून ठेवलेलं बेट. भोवती तट आणि आत बोळच बोळ. एवढ्या बोळांत पाहुण्यांना हवं ते देऊळ सापडत नसे, बंदर सापडत नसे, पण ओरोंझाचा जिना मात्र बिनचूक सापडायचा. ती खोल्या भाड्यानं देई, आणि तिनं दारामागे पाटी लावली होती. पाय खाली झटका. किल्ली जवळ ठेवा. दोन ते पाच घंटा वाजवू नका. पाटी चार भाषांत होती आणि चारही भाषांतले लोक ती वाचत वाचत वाळूचे पाय घेऊन वर येत. पालथ्या घड्यावर पाणी.

दोन ते पाच ही तिथली उलटी वेळ. जेवणं उरकलेली असतात, खिडक्या लावून घेतलेल्या असतात, बोळात कुत्रंसुद्धा नसतं. पांढऱ्या भिंतींवर ऊन इतकं कडक पडतं की डोळे उघडे ठेवणं नको होतं. जुनी माणसं सांगत की रात्रीला भिण्यात अर्थ नाही, रात्री अर्धं गाव जागंच असतं. ज्यांना कुणी पाहू नये असं वाटतं, ते दुपारी फिरतात. ओरोंझाला असल्या गोष्टी ऐकायला फुरसत नव्हती. तिला ते तीन तास फक्त पाठ टेकायची होती, कारण उरलेले एकवीस तास कोझिमो तिला ती टेकू देत नसे.

कोझिमो तिचा नवरा. तीन वर्षांपूर्वी, अशाच ऑगस्टात, तो एकटा होडी घेऊन गेला आणि परतला नाही. गावाच्या दक्षिणेला, पुंता देल्ला सुइनाच्या खडकांपाशी, पाइनच्या झाडांखालच्या वाळूत होडी रुतलेली सापडली, आणि तळाशी कोझिमो पडलेला. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. शेजारच्या काता मावशीनं त्याला स्ट्रेचरवरून उतरवताना पाहिलं आणि म्हणाली, “अर्धाच आणलात की गं. उरलेला तिथंच राहिला.” काता मावशी ऐंशीची होती आणि तिच्या जिभेला हाड कधीच नव्हतं. ओरोंझा त्या दिवशी तिच्यावर इतकी भडकली की सहा महिने दोघी बोलत नव्हत्या.

कोझिमोकडे एकच शब्द उरला होता. ‘मी.’

डॉक्टर म्हणाले, असं होतं, सगळे शब्द पुसले जातात आणि एखादा चुकून राहतो. कुणाची शिवी राहते, कुणाच्या तोंडी देवाचं नाव राहतं. कोझिमोचा ‘मी’ का राहिला, हे ओरोंझाला डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती. तीस वर्षं तो बंदरावरून येऊन खालची घंटा वाजवी, ती वरून इंटरकॉमवर विचारी, “कोण?” आणि तो म्हणे, “मी.” त्या गावात सगळेच असं म्हणतात. नाव कुणी सांगत नाही. आपला आवाज ओळखला जाणारच, याची प्रत्येकाला खात्री असते. चोर आला तरी ‘मी’ म्हणूनच येईल आणि त्यालाही दार उघडलं जाईल, असं ओरोंझाच म्हणायची.

आता त्याला पाणी हवं असलं की “मी”. भांडं हवं असलं की “मी”. खिडकी उघड, खिडकी लाव, माशी बसली, पाय दुखतोय, सगळ्याला “मी”. कधी कधी ती नुसती तोंडाकडे बघत उभी राही आणि मग म्हणे, “हो रे बाबा, तूच. तीन वर्षं तूच आहेस. या घरात दुसरं कोण आहे?” मग तिला स्वतःचाच राग येई, आणि तो राग ती जिन्यावरच्या वाळूवर काढी.

त्या सोमवारी तूरीनहून लिविया नावाच्या बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या, गळ्यात चष्म्याची दोरी, हातात किनाऱ्यांची यादी. रोज एक किनारा, लांबचा आधी. बस कुठून, वाळू बारीक की जाड, खेकडे चावतात का, पाण्यात शेवाळ आहे का... ओरोंझाच्या नाकी नऊ आले. शेवटी तिनं एवढंच सांगितलं की कुठंही जा, पण उन्हाच्या उलट्या वेळेला जाऊ नका. बाई हसल्या. त्या वेळेला गर्दी कमी असते, म्हणून तर जायचं, म्हणाल्या. आणि बदामाचं दूध घातलेली गार कॉफी एका घोटात संपवून, छत्री काखेत मारून पुंता देल्ला सुइनाला गेल्या.

संध्याकाळी त्या परतल्या तेव्हा ओरोंझा जिन्यातच झाडू घेऊन उभी होती. बाई फार खूश होत्या. झाडांखाली एक गृहस्थ भेटले, इथलेच, जुन्या गावातले. त्यांनी छत्री रोवून दिली. फार अदबशीर माणूस. बोलता बोलता बाई वळणावरच्या फोटोपाशी थांबल्या. फोटोत कोझिमो होडीच्या टोकावर बसलेला होता, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, डोक्याला टोपी.

“अहो, हेच ते,” लिविया बाई म्हणाल्या.

“तो माझा नवरा. तो वर अंथरुणात आहे. तीन वर्षं उठलेला नाही.”

“मग भाऊ असेल.”

“त्याला भाऊ नाही. तुम्हाला ऊन लागलंय, सिन्योरा. लिंबू देते, झोपा.”

बाईंनी लिंबू घेतलं, पण कपाळावरची आठी काही गेली नाही. चाळीस वर्षं वर्गातली तोंडं ओळखण्यात घालवलेली बाई ती. ओरोंझाला मात्र त्या रात्री झोप चांगली लागली. उन्हात माणसं काय काय बघतात, हे तिनं दरवर्षी बघितलं होतं.

मंगळवारी यादीवर बाया वेर्दे होतं, गावापासून चार किलोमीटरवर. संध्याकाळी बाई आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. तोच माणूस आज तिथं होता. अनवाणी, गावाच्या दिशेनं किनाऱ्या-किनाऱ्यानं चाललेला. वाळू तापली आहे, सवय मोडली, म्हणत होता. बाईंनी त्याला मुद्दाम नाव विचारलं, तर नुसता हसला. मग त्यानं विचारलं, ओरोंझा अजून तशीच चिडते का?

ओरोंझानं हातातलं भांडं आपटलं. बंदरावर काही रिकामटेकडे होते. त्यांना जाळी विणायच्या आधी दुसऱ्याची घरं उसवायला आवडायची. कोझिमोचा जुना शर्ट घालून कुणीतरी परगावच्या बाईची चेष्टा करतंय, यात तिला शंका राहिली नाही. तिनं मनातल्या मनात चार नावं काढली आणि चौघांनाही यथेच्छ शिव्या घातल्या. पलीकडच्या खोलीतून कोझिमो “मी... मी...” करत होता. तिनं जाऊन भांडं दिलं. त्याला भांडं नको होतं. पाणी दिलं, तेही नको होतं. तिनं खिडकी लावली. तो डाव्या हातानं तिचं मनगट धरून बसला आणि सोडेना. “अरे, मला कामं आहेत,” ती म्हणाली आणि एकेक बोट सोडवून हात काढून घेतला.

बुधवारी यादीवर उरली होती पुरिता नावाची पुळण. ती तर तटाच्या पायथ्याशीच, घरापासून शंभर पावलांवर. ओरोंझानं त्या दिवशी पाठ टेकली नाही. कोझिमोला भरवलं, उशी नीट केली आणि अडीच वाजता डोक्याला फडकं बांधून ती तटावर गेली. ज्या कुणाला ही मस्ती आली असेल त्याला कान धरून बोळातून फिरवायचं, असं तिनं ठरवलं होतं. दगड इतका तापला होता की चपलेतून चटका बसत होता. खाली पुरितावर छत्र्या होत्या, छत्र्यांखाली माणसं आडवी झाली होती, पण एकाचाही आवाज येत नव्हता. समुद्रसुद्धा गप्प. कुठूनतरी शेवाळाचा कुजका वास येत होता.

पाण्यात गुडघ्यापर्यंत एक माणूस उभा होता. अर्धा पाठमोरा, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट. त्याचं तोंड समुद्राकडे नव्हतं. ते तटाकडेही नव्हतं. तो बाजूला, बोळाच्या तोंडाकडे पाहत होता, आणि उजव्या हातानं मान खाजवत होता. कोझिमो विचारात पडला की अशीच मान खाजवायचा. उजव्या हातानं.

  ओरोंझा वळली आणि पळत घरी आली, एकतीस पायऱ्या कशा चढली ते तिला कळलं नाही. कोझिमो अंथरुणातच होता. तिला इतकं हायसं वाटलं की ती पलंगाच्या कडेवर बसूनच राहिली. मग पाय पुसायचे म्हणून तिनं त्याची चादर वर केली. गुडघ्यापर्यंत त्याचे पाय गारठलेले होते, आणि तळव्यांना सुरकुत्या पडल्या होत्या, तासन् तास पाण्यात उभं राहिल्यावर पडतात तशा.

“मी,” कोझिमो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “मी. मी. मी.”

“कळलं रे, कळलं,” ती म्हणाली. तिला काहीच कळलं नव्हतं. तिनं पाय चोळून गरम केले आणि मोजे चढवले.

काता मावशी आपल्या दारात खुर्ची टाकून शेंगा सोलत होती. ओरोंझा तिच्यापाशी गेली, सरळ काही विचारायला तिची जीभ रेटेना, तेव्हा म्हणाली की आजकाल भलभलते लोक घंटा वाजवतात.  मावशी म्हणाली की माझी आई दुपारची घंटा वाजली की आधी आत सगळी माणसं आहेत का ते बघायची, आणि मग दार उघडायचं की नाही ते ठरवायची. एवढं बोलून ती पुन्हा शेंगांना लागली.

गुरुवार वाईट उजाडला. यादी संपली होती, म्हणून लिविया बाई पहाटेच बसनं दिवसभरासाठी ओत्रांतो बघायला गेल्या. कोझिमोनं रात्रभर झोपू दिलं नव्हतं. सकाळी तिनं टोमॅटोत भिजवलेला पाव भरवायला घेतला, तर त्यानं ताटलीला हात मारला आणि सगळं तिच्या अंगावर, चादरीवर, भिंतीवर. तिनं चादर बदलली. त्याला एकटीनं कुशीवर वळवताना तिच्या कमरेत उसण भरली. आणि तो आपला “मी, मी” करतच होता.

तेव्हा ती बोलून गेली. ओरडली नाही, अगदी सावकाश बोलली, म्हणून जास्तच वाईट. “तू नाहीस. माझा नवरा तिकडंच राहिला. तुझ्या जागी तो आला असता तर बरं झालं असतं.”

 कोझिमोनं डोळे मिटून घेतले. ओरोंझा स्वयंपाकघरात जाऊन रडली, मग तोंड धुतलं, मग मासळी साफ केली. त्याची माफी मागावी असं तिला दोनदा वाटलं. पण मासळी अर्धी झाली होती.

अडीच वाजता घंटा वाजली.

तिनं रिसीव्हर उचलला. “कोण?”

“मी.”

स्वच्छ आवाज होता. किंचित घोगरा, थोडा थकलेला, बंदरावरून चढ चढून आलेल्या माणसाचा. तीन वर्षं तिनं तो आवाज ऐकला नव्हता. तिनं रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. भीती आणि आनंद वेगळे करता येईनात.

खोलीतून कोझिमो ओरडला, “मी!”

कानात पुन्हा शांतपणे आलं, “मी. ओरोंझा, मी.”

तिनं खोलीच्या दाराकडे पाहिलं. आत सगळी माणसं आहेत, हे तिला माहीत होतं. मावशीचं बोलणंही आठवत होतं. सवयीनं बोट गेलं, झोपेत होते, उन्हानं भ्रम झाला, असं तिनं पुढं स्वतःला पुष्कळदा समजावलं. पण खरं तसं नव्हतं. ती टक्क जागी होती. तिला फक्त एकदा, एकदाच, दोन पायांवर जिना चढणारा नवरा हवा होता.

तिनं बटण दाबलं.

खाली दार उघडलं आणि पावलं वर येऊ लागली. दोन्ही पाय सारखे पडत होते. खोलीतून एकदा “म्...” असा आवाज आला आणि तुटला. मग कोझिमो दारात होता. त्यानं टोपी खुंटीला लावली, उजव्या हातानं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, “काय गं, जेवायला ठेवलंयस ना काही?”

ओरोंझा त्याला ओलांडून खोलीत गेली. पलंग रिकामा होता. उशीवरचा खड्डा अजून उबदार होता. चादर चारी बाजूंनी नीट खोचलेली होती आणि तिच्यात मोजे होते, पायांत असल्यासारखे शेजारी शेजारी. खिडकी तिनं स्वतः लावली होती. घराला जिन्याशिवाय वाट नव्हती, आणि जिन्यावरून खाली कुणीही गेलं नव्हतं.

गावात रक्षक संत सांता क्रिस्तीनाची कृपा म्हणून बोभाटा झाला. पाद्री आले, डॉक्टर आले, डॉक्टरनं गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि खांदे उडवले. लिविया बाई तूरीनला परत जाताना म्हणाल्या की पाहिलंत, मी सांगत नव्हते का, आणि दोघांसोबत फोटो काढून घेऊन गेल्या. काता मावशीनं मात्र दारातली खुर्ची उचलून आत नेली. ती ओरोंझाच्या घराकडे बघेनाशी झाली.

ओरोंझा सुखात होती. हे लपवण्यात अर्थ नाही. कोझिमो जाळी विणत होता, केशरात मुरवलेली मासळी बोटं चाटून खात होता, तिच्या कमरेला तेल लावून देत होता. एका रविवारी दोघं बाया वेर्देला पोहायला गेली, किती वर्षांनी, आणि परतताना दोघांनीही पाय न झटकता जिना चढला. ती हसत हसत झाडू शोधायला गेली.

फक्त एक गोष्ट. त्याला घंटा वाजवायची सवय होती, तशी तो वाजवी. ती विचारी, “कोण?” तर तो म्हणे, “उघड.” किंवा, “भूक लागलीय गं.” किंवा, “तुझा नवरा.” पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं नाही. मग आलं, आणि मग ती दिवसभर तेच ऐकत बसू लागली. जातो, आलो, झोपतो, हवंय, नकोय. सगळं बोलायचा. तो एक शब्द तेवढा येत नसे. एकदा जेवताना तिनं चेष्टेत म्हटलं, “अरे, एकदा ‘मी’ म्हण ना, पूर्वीसारखं.” त्यानं घास थांबवला आणि तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं परभाषेत काही विचारलं होतं. मग म्हणाला, “मीठ कमी पडलंय.”

ऑगस्ट संपत आला होता. त्या दुपारी खोल्या रिकाम्या होत्या, पाहुणे सगळे किनाऱ्यावर. कोझिमो आत पलंगावर आडवा झाला होता. ओरोंझा वैतागून वाळू झाडत वर आली आणि झाडू कोपऱ्यात ठेवते तोच घंटा वाजली. किल्ली विसरले असतील, मेले, असं पुटपुटत तिनं रिसीव्हर उचलला.

“कोण?”

 नुसता श्वास येत होता. ओला, जड, एका बाजूनं गळणारा श्वास. मग अर्ध्या तोंडातून, ढकलून ढकलून बाहेर काढल्यासारखं,

“म्... मी.”

हा शब्द तिनं तीन वर्षं ऐकला होता. पाणी समजून ऐकला होता, भांडं समजून, माशी समजून. आज पहिल्यांदा तिला तो जसाच्या तसा कळला.  बटण बोटाखालीच होतं. तिनं बोट हलवलं नाही.

“मी,” खालून पुन्हा आलं. “मी... मी...”

आतल्या खोलीतून, स्वच्छ, झोपेनं जरा जड झालेला आवाज आला. “कोण आहे गं?”

ओरोंझानं खोलीच्या दाराकडे पाहिलं. पलंग करकरला. तो उठून बसला असावा. आणखी एक करकर झाली, मग पाय जमिनीवर टेकल्याचा आवाज. दोन्ही पाय, एकदम.

“कुणी नाही,” ती म्हणाली.

रिसीव्हर तिच्या हातातच राहिला होता. पलीकडचा श्वास थांबला.  मग तिला ऐकू आलं, तो शब्द जुळवत होता. तीन वर्षं डॉक्टरांनी, तिनं, पाद्रींनी शिकवून शिकवून ज्याला दुसरा शब्द आला नव्हता, तो आता सावकाश, नीट पाठ करावं तसं म्हणत होता,

“कु... कुणी... नाही.”